योगाच्या वर्गाला जाण्याआधी

प्रिय सना,

मॉडेल कॉलनीतल्या योगवर्गाला नाव घालू का, असं विचारलंस. घाल. पण कशात भाग घ्यायचा आणि कशात नाही, हे जाण्याआधीच पक्कं असू दे. वर्गात उभं राहून ठरवायला गेलीस, तर संकोचापोटी सगळंच करून बसशील.

आपल्याकडे अमलाचा, म्हणजे कृतीचा, निवाडा निय्यतीवर, म्हणजे मनातल्या हेतूवर होतो, आणि पाठ-मांड्या ताणणं ही काही इबादत, म्हणजे उपासना, नव्हे. मलेशियाच्या राष्ट्रीय फतवा परिषदेनं नोव्हेंबर २००८ मध्ये मनाई केली, ती हालचाल, मंत्र आणि उपासना यांच्या एकत्र येण्याला. मंत्राविना नुसता व्यायाम चालेल, असं तिथल्या पंतप्रधानांनी लगेच स्पष्ट केलं. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेनंही २००९ मध्ये हाच फरक केला. काही आलिम, म्हणजे धर्मपंडित, याहून कडक आहेत. ते सगळ्यापासूनच दूर राहा म्हणतात. त्यांचा आदर राख. मला मात्र पहिलं मत पटतं.

पुण्यात अय्यंगार पद्धतीचे वर्ग पुष्कळ. तिथे सुरुवातीला तीनदा ॐ आणि मग पतंजलींची प्रार्थना असते. पहिल्याच दिवशी बाईंना सांग, ‘प्रार्थना मी म्हणणार नाही, शांत बसेन.’ हात गुडघ्यांवर ठेव, जोडू नकोस. मूर्तीपुढे वाकणं नाही. उशिरा जाऊन प्रार्थना चुकवण्यापेक्षा हे उघड सांगणं बरं.

सूर्यनमस्कार सोड. बारा मंत्र गाळले तरी नाव आणि उगवतीकडे केलेलं तोंड राहतंच. सूर्य उगवताना आणि मावळताना नमाजसुद्धा मना आहे, ती सूर्यपूजेशी साम्य नको म्हणूनच. त्यातली मेहनत वेगळी करता येते: उत्तानासन, अधोमुख श्वानासन, चतुरंग दंडासन, भुजंगासन सुटं सुटं कर, भिंतीकडे तोंड करून. बालासनात कपाळ जमिनीला टेकतं म्हणून बिचकू नकोस. निय्यतीविना तो सजदा, म्हणजे नमाजात कपाळ टेकणं, होत नाही.

आता शरीराचं. जेवणानंतर तीन-चार तास जाऊ देत. सैल सलवार आणि लांब कुर्ता चालेल, पण कुर्ता आत खोचून घे, उलटं झाल्यावर तो तोंडावर येतो. स्कार्फला टाचणी नको. डोक्याला घट्ट बसणारी शिवलेली टोपी घाल. पुरुषांपासून वेगळी बॅच माग.

त्रिकोणासनात पायांत साडेतीन-चार फूट अंतर, उजवं पाऊल पूर्ण बाहेर, डावं किंचित आत. हात जमिनीला पोचवायच्या हट्टानं छाती खाली वळते आणि गुडघा आत पडतो. म्हणून पावलाबाहेर वीट उभी ठेवून तिच्यावर हात टेक. पश्चिमोत्तानासनात मांडीची मागची बाजू आखडलेली असली की कंबर गोल होते आणि ताण मणक्यांवर जातो. तळव्यांना पट्टा लावून पाठ सरळ ठेव, डोकं गुडघ्याला लागलं नाही तरी चालेल.

सर्वांगासनाला सर्वांत जास्त जप. घड्या घातलेली तीन-चार कांबळी, खांदे त्यांच्यावर, डोकं खाली जमिनीवर. कांबळी नसली की सारा भार मानेवर येतो. वर असताना मान वळवायची नाही. पाळीच्या दिवसांत उलटी आसनं वर्ज्य. हे बाईंनाही सांगावं लागतं, लाजू नकोस. रक्तदाब किंवा काचबिंदू असलेल्यांनीही ती करू नयेत.

रमजानात दुपारी काही नको. इफ्तारच्या आधी सेतुबंध आणि शवासन पुरे. उभी आसनं तरावीहनंतर, म्हणजे रमजानातल्या रात्रीच्या नमाजेनंतर, पोट हलकं असेल तर.

आणि बॅच सकाळची घे. पुण्यात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या. संध्याकाळच्या सहा ते साडेसातच्या वर्गात बारा महिने मगरीब, म्हणजे सूर्य मावळल्यावरची नमाज, अडकेल.

तुझी
अम्मी