अक्का, आपण त्या गोळीविषयी विचारलेत म्हणून

टिळकवाडी, बेळगाव

आदरणीय अक्का,
सादर नमस्कार.

व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात सकाळी फिरायला येणारे बहुतेक लोक आपल्याला ‘सिस्टर अक्का’ म्हणूनच ओळखतात आणि मीही त्यांतलाच एक. आपण माझ्या कुटुंबासाठी जे केलेत त्याबद्दल तोंडी चार शब्द बोलून माझे समाधान झाले नाही. शिवाय परदेशी क्रूझला निघालेल्या आपल्या भागातील इतरांच्याही ते कानावर जावे असे वाटले, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे.

आमच्या लग्नाला चाळीस वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त मुलाने ब्राझीलमधील सांतोस बंदरातून निघून मोंटेव्हिडिओमार्गे ब्युनोस आयर्सला जाणाऱ्या जहाजाची तिकिटे काढली होती. ज्यांच्याकडून ती काढली, त्यांनी लसीचा विषय एका वाक्यात संपवला होता: यलो फीव्हरची एक सुई टोचून घ्या, म्हणजे झाले. त्यामुळे त्या सकाळी झाडाखालच्या बाकावर मी आपल्याला फक्त ही सुई कोठे मिळते एवढेच विचारले.

आपण आधी मला ती का लागते हे समजावून सांगितलेत. यलो फीव्हर म्हणजे पीतज्वर आपल्या देशात नाही, परंतु तो पसरवणारा डास, म्हणजे डेंग्यूचाच डास, आपल्या घराघरांत आहे. म्हणूनच हा रोग असलेल्या देशांतून येणाऱ्या प्रवाशाकडे लसीचे प्रमाणपत्र नसेल, तर भारतात उतरल्यावर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवता येते. जहाज कंपनीने प्रमाणपत्र मागो वा न मागो, आपल्याच विमानतळावर ते विचारले जाणार, हे मला तोवर कोणीही सांगितले नव्हते. लस सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांतच मिळते, प्रमाणपत्र टोचल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होते आणि 2016च्या जुलैपासून ते आयुष्यभर चालते, हेही आपण सांगितलेत. मी मनातल्या मनात प्रवासाच्या तारखेपासून मागे दिवस मोजू लागलो होतो.

तेवढ्यात आपण विचारलेत, “वहिनी कोणत्या गोळ्या घेतात?”

परतताना मेडिकलमधून आणायची म्हणून रिकामी पट्टी माझ्या खिशातच होती. आपण चष्मा लावलात, पट्टी उजेडाकडे तिरकी धरलीत आणि मागच्या बाजूची बारीक अक्षरे अंगठ्याने सरकत वाचलीत. मेथोट्रेक्झेट. “ही रोज घेतात की आठवड्यातून एकदा?” मी म्हणालो, दर रविवारी, संधिवातासाठी. आपण पट्टी माझ्या हातात परत ठेवलीत आणि म्हणालात, “मग ही लस त्यांना चालेल असे मला वाटत नाही. पण हे ठरवणे माझे काम नाही. आजच त्यांच्या डॉक्टरांना विचारा.”

ही लस जिवंत परंतु दुबळ्या केलेल्या विषाणूपासून बनवलेली असते आणि ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली आहे त्यांच्यात तोच विषाणू गंभीर आजार निर्माण करू शकतो, असे डॉक्टरांनी आम्हाला नंतर सविस्तर सांगितले. साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यांतही तीव्र दुष्परिणामाचा धोका, दुर्मीळ असला तरी, थोडा वाढतो, म्हणून चौसष्टाव्या वर्षी माझाही वेगळा विचार करावा लागला असता. आपण विचारले नसते, तर आम्ही दोघे हसतमुखाने रांगेत उभे राहिलो असतो. ती कल्पना अजूनही मला रात्री अस्वस्थ करते.

माझे कन्नड बाजारापुरते असल्याने आपण स्वतः बेंगळुरूच्या केंद्रात फोन लावून, अस्खलित कन्नडमध्ये, लस घेता न येणाऱ्यांना कोणते पत्र लागते हे विचारून घेतलेत. वैद्यकीय कारणासाठी सूट मिळण्याची सोय आहे हे कळल्यावर मी सुटकेचा निःश्वास टाकला, तेव्हा आपण शांतपणे म्हणालात, “पत्राने सूट मिळेल, संरक्षण मिळणार नाही.” त्या वाक्यावर आमच्या घरी दोन दिवस चर्चा झाली. भरलेल्या पैशांतील काही रक्कम बुडाली, मुलगा थोडा खट्टू झाला. अखेर आम्ही सिंगापूरहून निघून पेनांग आणि फुकेतला जाणारे जहाज निवडले. तेथे पीतज्वर नाही आणि भारतातून थेट जाणाऱ्यांना त्याचे प्रमाणपत्रही लागत नाही.

ठिकाण बदलले म्हणून आपण आम्हाला मोकळे सोडले नाहीत, याचे मला विशेष अप्रूप आहे. टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि फ्लू या लसींबद्दल डॉक्टरांशी बोलण्यास सांगून, त्यांतील निर्जीव लसी हिलाही घेता येतील, असा धीर आपण दिलात. त्याप्रमाणे फ्लूच्या लसीनंतर दोन आठवडे रविवारची गोळी थांबवायची, असे तिच्या डॉक्टरांनी ठरवून दिले आहे. जहाजावर झपाट्याने पसरणाऱ्या नोरोव्हायरसच्या उलट्या-जुलाबांवर प्रवाशांना घेता येईल अशी लस नाही आणि सॅनिटायझरवर विसंबून चालत नाही. जेवणाआधी साबण-पाण्याने हात धुवायचेच, हे आपण हिला दोनदा बजावलेत. तिने ते आमच्या बॅगांच्या यादीत सर्वांत वर लिहिले आहे.

व्हॅक्सिन डेपोत एके काळी देवीची लस तयार होत असे, हे आम्ही बेळगावकर अभिमानाने सांगतो. त्याच मैदानात माझ्या पत्नीला न चालणारी लस आपण वेळीच ओळखलीत, हे मी यापुढे त्याच्या जोडीने सांगत राहीन.

निघण्यापूर्वी आमच्या दोघांच्या औषधांची आणि घेतलेल्या लसींची यादी घेऊन आम्ही पुन्हा त्याच बाकावर येणार आहोत. आपण ती एकदा नजरेखालून घालावी, ही विनंती. हिने आपल्यासाठी कुंदा आणायचे ठरवले आहे, तो कृपया नाकारू नये.

आपला कृतज्ञ,
टिळकवाडीतील एक निवृत्त शिक्षक