गंगापूर धरणावरच्या नावाडी काकांना

काका, सा. न. वि. वि.

तुमचं नाव चारचौघांत घेतलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून ते लिहीत नाही. मे महिन्यातल्या त्या रविवारी दुपारी ठाण्याच्या आत्या, त्यांची नातवंडं आणि आम्ही दोघं तुमच्या बोटीत होतो. अर्ध्या वाटेतूनच तुम्ही बोट माघारी वळवलीत, त्याबद्दल हे जाहीर आभार.

तेव्हा डोक्यावर चांगलं ऊन होतं. अंजनेरीच्या बाजूला एकच ढग फुलकोबीसारखा वर चढत होता. आत्या चिडल्या. "ढग कुठे, आपण कुठे! पैसे भरलेत आम्ही." तुम्ही मान न वळवता म्हणालात, "पैशे माघारी देतो, ताई. वारं पडलंय बघा." खरंच मघाची झुळूक थांबली होती, पाणी तेल ओतल्यागत सपाट झालं होतं आणि आम्ही त्याचेच फोटो काढत होतो.

मी शाळेत भूगोल शिकवते. वळवाचा ढग फळ्यावर दरवर्षी काढते: पावसाबरोबर गार झालेली जड हवा खाली कोसळते, जमिनीवर आपटून चहूकडे पसरते, म्हणून पावसाच्या बरंच आधी वारा येऊन थडकतो. पण मोकळ्या पाण्यावर, जिथे त्याला अडवायला ना झाड ना घर, तो किती लवकर पोचतो ते त्या दिवशी बघितलं. लांबवर पाण्यावर एक काळपट पट्टा उमटला आणि बघता बघता तो सरकत आपल्याकडे आला.

धक्का समोर दिसत असूनही तुम्ही तिकडे गेला नाहीत, जवळचा काठ धरलात. सगळ्यांना खाली, बोटीच्या तळावर बसवलंत. उभं राहून व्हिडिओ काढणाऱ्या आमच्या ह्यांना तर चक्क दटावलंत (बरं केलंत). धरणावरच्या लाटा समुद्रासारख्या लांब नसतात, आखूड आणि उभ्या असतात, एकीतून सावरेपर्यंत दुसरी येते. "आडवी लाट बसू द्यायची न्हाई," असं पुटपुटत तुम्ही प्रत्येक लाट तिरक्या नाकावर घेत होतात.

आणि ते लाइफ जॅकेट! निघताना धाकट्याच्या जॅकेटचे खांदे धरून तुम्ही वर ओढून बघितलेत. जॅकेट कानापर्यंत आलं, तसे पट्टे सोडून पुन्हा आवळलेत. एवढ्या उकाड्यात कशाला, असं आत्या म्हणत होत्या. पण सैल जॅकेट पाण्यात वर सरकतं, पोराचं तोंड त्यातच बुडतं. बोट हिंदकळायला लागल्यावर जॅकेट घालू म्हटलं तर ते कुणालाच जमत नाही.

मे महिना, पाणी आत गेलेलं, त्यामुळे उतरलो ते घोटाभर चिखलात. आत्यांची एक चप्पल अजून तिथेच असेल. सगळे बाभळीखाली धावणार तेवढ्यात तुम्ही ओरडलात आणि आम्हाला गाडीत बसवून काचा वर करायला लावल्यात. मुलांना मी वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजायला लावले. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. पहिला आकडा अठरा आला, मग बारा, मग सहा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं हा नियम मी वर्गात सांगते, तुम्ही तो गुपचूप विडी ओढत पाळलात.

आता माझ्या फोनवर पुण्याच्या हवामान संस्थेचं दामिनी ॲप आहे, विजेचा इशारा देणारं. तुम्हीही मुलाकडून घालून घ्या. तुमच्या नजरेपुढे ते काय, पण रात्री जाळी टाकायला जाता तेव्हा ढग दिसत नाहीत.

त्या दिवशीच्या तुमच्या पुढच्या सगळ्या फेऱ्या बुडाल्या, तरी नको नको म्हणताना तुम्ही पैसे आत्यांच्या हातात कोंबलेत. डिसेंबरात त्या पुन्हा येणार आहेत. सकाळची पहिली फेरी आमची, आणि पैसे दोन्ही फेऱ्यांचे घ्यायचे.

आपली,
गंगापूर रोडची एक शिक्षिका