पुस्तके फाटण्याची तरतूद करा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन झाला आणि लगेच ठाणे-नवी मुंबईच्या पानांवर नेहमीची छायाचित्रे आली. रांगेत बसलेली मुले, हातात पुस्तके, मागे फलक. त्यातली बरीच पुस्तके कार्यक्रम आटोपल्यावर मोजून कपाटात गेली असणार आणि कपाटाला कुलूप लागले असणार, हे मी खात्रीने सांगू शकते. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी, सकाळच्या शाळेत, मी ऐरोलीतल्या मुलांबरोबर पुस्तके वाचायला जाते. शाळेचे नाव लिहीत नाही, कारण दोष तिचा नाही.

कुलूप का, हे बाईंनी मला नोंदवही उघडूनच दाखवले. प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक, किंमत, खरेदीची तारीख. बदली झाली की चार्ज देताना एकेक पुस्तक मोजून द्यायचे, कमी भरले तर पदरचे पैसे घालायचे. बाके, लोखंडी कपाट, वजनकाटा आणि बत्तीस पानांचे गोष्टीचे पुस्तक, सगळ्यांचा हिशेब एकाच मापाने. आता बाक काही कुणी घरी नेत नाही. पुस्तक घरी गेले तरच त्याचा उपयोग. मी बाईंच्या जागी असते तर एक सोडून दोन कुलपे लावली असती. (छत्तीस वर्षे रजिस्टरे सांभाळली आहेत, सवय जात नाही.) ग्रंथालयशास्त्राचे आपल्याकडचे आद्य आचार्य रंगनाथन यांनी १९३१ साली जे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच ‘पुस्तके वापरण्यासाठी असतात’ हा आहे. वापरलेली वस्तू झिजते, एवढे आपल्या हिशेबनिसांनी मान्य करायचे बाकी आहे.

ठाण्याला वाचनाचे वावडे आहे असे कोण म्हणेल? मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३पासून इथे आहे आणि डिसेंबर २०१०मध्ये चौऱ्याऐंशीवे साहित्य संमेलनही इथेच भरले. पण ठाण्याहून लोकलने दोन स्टेशनांवरच्या ऐरोलीतून दहा वर्षांच्या मुलीला एकटीला ग्रंथालयात कोणी धाडत नाही. आईबाप सकाळी सातला नाक्यावर उभे असतील तर मुळीच नाही. तिचे ग्रंथालय म्हणजे वर्गातले ते कपाट. ज्यांच्या घरात पुस्तके आहेत, त्या मुलांचे कुलपाने काहीच बिघडत नाही. ‘सर्वसमावेशक शिक्षण’ हा शब्द परिपत्रकांत फार असतो, मला तो कपाटाशी उभे राहिल्यावर कळला.

पाचवीतला एक मुलगा मोठ्याने वाचताना ‘उंट’ला ‘उट’ म्हणाला. वर्ग हसला. पुढच्या ओळीत ‘गंगा’ची ‘गगा’ झाली, तेव्हा माझ्या लक्षात आले की त्याला अनुस्वाराचा ठिपकाच दिसत नाही. चष्मा होता, तरी नजर अधू. तेच पान झेरॉक्सवाल्याकडून ए-फोरचे ए-थ्री, म्हणजे १४१ टक्के करून आणले. त्याने ते बाकावर पसरले, नाक टेकेल इतका वाकला आणि सगळे अनुस्वार जागच्या जागी वाचले. पुस्तकाची अशी प्रत काढणे बेकायदा नाही ना, असे एका पालकाने विचारले. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन दिव्यांगांसाठी त्यांना वाचता येईल अशी प्रत करण्याची मुभा मिळालेली आहे. खर्च पानाला काही रुपये. बालभारतीने ‘किशोर’चे १९७१पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत, ते हा पठ्ठ्या आता वडिलांच्या मोबाइलवर दोन बोटांनी हवे तेवढे मोठे करून वाचतो.

दुसरी चूक माझीच. खाडीवरच्या एका पुस्तकात चिखलावर डोळे वटारून बसलेल्या माशाचे चित्र होते. गावठाणातली एक मुलगी, जी महिनाभर तोंड उघडत नव्हती, ती उठून म्हणाली, ‘ही निवटी! मना माहितेय!’ आणि मी, शहाणी, पटकन म्हणाले, ‘मना नाही बाळा, मला.’ ती खाली बसली. आगरी घरातल्या मुलीची भाषा मी एका शब्दात परत पाठवली होती. पुढच्या शनिवारी मी तिच्याकडे जाऊन निवट्या कशा धरतात ते विचारले. आधी तिने पाहिलेच नाही. मग बिळात हात कुठून घालायचा, पाणी ओसरल्यावर किती वेळ थांबायचे, आजोबांच्या हाताला काय चावले, असे सगळे सांगत गेली, तेही ‘मना’ आणि ‘पानी’ म्हणतच. ते मुलांनी फळ्यावर लिहिले. त्या दिवशी तात्पर्य कुणी विचारले नाही, आणि मला वाटते गोष्टीखालचे तात्पर्य कायमचे बंद केले तरी मराठीचे काही अडणार नाही.

आता मागणी. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांच्या शिक्षण विभागांनी शाळेतल्या पुस्तकांसाठी दरवर्षी निर्लेखनाची ठरावीक टक्केवारी मंजूर करावी. दहा टक्के पुस्तके फाटली, भिजली, परत आली नाहीत तर मुख्याध्यापकांच्या सहीने ती नोंदवहीतून वजा व्हावीत आणि शिक्षकाच्या खिशाला हात लागू नये. याला नवे अनुदान लागत नाही, एक परिपत्रक पुरेल. किती पुस्तके वजा झाली, त्यावरून शाळेत वाचन होते की नाही तेही कळेल. शंभरातली शंभर कोरी सापडली, तर तपासणीला आलेल्या साहेबांनी खरे तर तिथे शेरा मारावा.

बाईंनी धाडस करून जूनपासून किल्ली दाराजवळच्या खिळ्याला लावली आहे. आतापर्यंत अकरा पुस्तकांची शिवण सुटली. ती मुलांनीच खळ लावून, दाभणाने शिवली. तीन परत आली नाहीत. त्यांचे दोनशे दहा रुपये मी भरून टाकले आहेत. त्यातले एक खाडीचे. ते कोणाच्या घरी आहे ते मला ठाऊक आहे, मागायला मात्र मी गेलेले नाही.

आपली,
एक निवृत्त टपाल कर्मचारी, ऐरोली, नवी मुंबई