‘गुलदार’च्या दालनासाठी हातभार लावा!

ग्रामस्थ आणि मुंबईकर चाकरमानी बंधू-भगिनींनो, स.न.वि.वि.

नौदलाचे निवृत्त जहाज ‘गुलदार’ आपल्या सिंधुदुर्गातल्या निवतीजवळ समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालचे संग्रहालय करण्याची योजना जाहीर झाल्यापासून गावोगावी तिचीच चर्चा आहे. आनंदच आहे. पण ही गुलदार नौदलात आली १९८५ साली. १९७१ची लढाई पाहिली ती तिच्या आधीच्या, त्याच नावाच्या जहाजाने, आणि ती हकिकत आपल्याच पोरांना ठाऊक नाही. म्हणून आपले मंडळ त्या आठवणींचे दालन उभे करत आहे.

पाकिस्तानी सैन्याची ब्रह्मदेशाकडे पळायची वाट अडवण्यासाठी डिसेंबर १९७१मध्ये आजच्या बांगलादेशातल्या कॉक्स बाजारजवळ फौज उतरवायचे ठरले. ‘विश्व विजय’ या व्यापारी जहाजातून आलेले गुरखा जवान भर समुद्रात गुलदार आणि घडियालवर घेतले गेले. ही रणगाडे उतरवणारी, सपाट तळाची जहाजे. मागे नांगर सोडायचा, नाक वाळूत घुसवायचे, पुढचा दरवाजा उघडायचा आणि परतताना त्याच नांगरावर मागे ओढून घ्यायचे. पण तिथे गुलदार वाळूच्या उंचवट्याला लागली. पलीकडे खोल पाणी. किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या आपल्या रापणकरांना हे वेगळे सांगायला नको. पाठीवर ओझे घेऊन उतरलेले जवान बुडाले. बाकीच्यांना मग स्थानिक होड्यांनी किनारा गाठून दिला. शत्रू समोर आलाच नाही, म्हणून या मोहिमेची आठवण फारशी कोणी काढत नाही. आम्हाला ती काढायची आहे.

घडियालवर नोकरी केलेल्या आपल्या वाडीतल्या नौसैनिकाच्या पत्नीने त्यांची पेटी मंडळाला दिली. आत पांढरी टोपी, पितळी शिट्टी आणि घडी घातलेला गणवेश, अजून डांबरगोळ्यांचा वास येतो. त्या माऊलीचे ऋण फिटणारे नाही. रापण संघाने न मागता लाकूड दिले, शाळेच्या मुलांनी खाऊचे पैसे आणून दिले, सुतारांनी मजुरी घेतली नाही. असे दाते लाभले म्हणून इथवर आलो.

मात्र गेल्या गणपतीत पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरलो तेव्हा “बघू नंतर” हेच जास्त ऐकले. जत्रेच्या मंडपाला हात सैल सुटतो, सैनिकांसाठी का आखडतो? वाईट वाटले, म्हणून लिहिले.

अजून ८० हजार रुपये हवेत (काचेचे कपाट, फलक, वीजजोडणी). विजय दिनाला, १६ डिसेंबरला, दालन उघडायचे आहे. देणगी वाचनालयात सायं. ५ ते ७, पावती घ्यावी. जुने फोटो, पत्रेही चालतील. प्रत काढून मूळ परत देऊ.

आपला,
सचिव, माजी सैनिक मंडळ