रविवारची संगणक बैठक: फाइल आणि लिंक कशात उघडायची

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी १० ते १२, सदाशिव पेठेतल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये बैठक आहे. लाइट बिलाची पीडीएफ ब्राउझरमध्येच (इंटरनेट पाहायच्या प्रोग्रॅममध्येच) का उघडते, लिंक क्रोमऐवजी एज या दुसऱ्या ब्राउझरमध्ये का जाते, असं बरेच जण विचारतात. हे सगळं आपल्याला बदलता येतं, आणि तेच प्रत्यक्ष करून पाहायचं आहे.

विंडोज ११ असलेल्यांनी घरी एकदा करून पाहा. पीडीएफवर राइट क्लिक, मग 'ओपन विथ', 'चूज ॲनदर ॲप'. हवा तो प्रोग्रॅम निवडून 'ऑलवेज' दाबा. 'जस्ट वन्स' दाबलंत तर तेवढ्यापुरतंच उघडेल. लिंकसाठी सेटिंग्ज, ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स इथे जाऊन आपला ब्राउझर निवडा आणि 'सेट डिफॉल्ट' दाबा. यात मूळ फाइलला काहीही होत नाही, त्यामुळे घाबरू नका. मात्र नावापुढचं .pdf किंवा .docx बदलू नका. त्याने फाइलचा प्रकार बदलत नाही, उलट ती उघडेनाशी होते.

• लॅपटॉप आणि चार्जर आणा. प्लग मोजके आहेत, एक्स्टेंशन बोर्ड असेल तर जरूर आणा.
• कामाच्या फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर ठेवा.
• 'फाइल उघडत नाही? हे डाउनलोड करा' अशा जाहिरातींवर कृपया क्लिक करू नका. फोनवरून कोणी दुरुस्ती करून देतो म्हणालं तरी संगणकाचा ताबा देऊ नका. अडलं तर आधी ग्रुपवर विचारा.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट (मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे सुरक्षेचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज १० वापरणाऱ्यांनी बैठकीनंतर थोडं थांबावं, पुढे काय करायचं ते बोलू.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव कळवावं.