उन्हाळ्यात तान्ह्याला पाणी नको

महोदय,
जळगाव-धुळ्याचा पारा चढला की बाळंतिणीच्या घरी तान्ह्याला चमच्याने पाणी पाजणं सुरू होतं. सहा महिन्यांपर्यंत त्याची गरज नाही. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं. पाण्याने पोट भरलं की बाळ कमी ओढतं आणि दूध आटतं. तहान भागवायची ती आईची.

बोंडी चिरते ती बहुधा बाळ तेवढीच धरतं म्हणून. तोंड मोठं उघडू द्यावं, हनुवटी स्तनाला टेकवावी, भोवतीचा काळा भागही तोंडात जावा. दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा पाजावं. पाचव्या दिवसानंतर सहा वेळा लघवी झाली तर दूध पुरतंय. आशाताई ४२ दिवसांत सहादा घरी येतात. सासूबाईंनी चहापाण्यात वेळ न दवडता त्यांच्यासमोरच बाळाला पाजायला लावावं.

– आरोग्यसेविका, चोपडा तालुका