बोंडअळी आणि दहावीचा पहिला धडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'गुलाबी बोंडअळीला बीटीची सवय झाली' असे आपल्या शेतीच्या पानावर दर हंगामात वाचायला मिळते. कृषी केंद्रात तेच ऐकू येते, पारावरही तेच. मी निवृत्त विज्ञान शिक्षक, घरची कोरडवाहू पऱ्हाटी, म्हणजे कापूस, अजून आहे, त्यामुळे हे मला दोन्हीकडून टोचते. बीटी म्हणजे एका जिवाणूचे जनुक घातलेले कापसाचे बियाणे, त्याच्या झाडातच अळीला मारणारे विष तयार होते. अळी बीटीचे बोंड खाते आणि मरते, नाहीतर मरत नाही. सवय व्हायला ती उरते कुठे?

घडते ते वेगळेच. लाखो अळ्यांत एखादी जन्मतःच जराशी निराळी निघते. बीटीचे विष आतड्यातल्या ज्या प्रथिनाला चिकटते, तेच तिच्यात बिघडलेले असते. बीटी येण्याआधी या बिघाडाचा तिला काडीचा उपयोग नव्हता. २००२ मध्ये आपल्याकडे बीटी कापसाला परवानगी मिळाली, बघता बघता सगळा शिवार बीटीचा झाला, साध्या अळ्या मेल्या आणि पुढची पिढी उरलेल्यांचीच आली. २०१० पर्यंत गुजरातेत पहिल्या बीटीला न जुमानणारी गुलाबी अळी सापडली होती. २००६ मध्ये आलेले दोन जनुकांचे बीटीही तिने पुढे पचवले. २०१७ चा हंगाम विदर्भात कोणी विसरलेले नाही : बोंड फोडावे तर आत अळी, सरकी खाल्लेली, कापूस कवडी. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले.

डार्विनने १८५९ मध्ये मांडलेली नैसर्गिक निवड ती हीच. उत्क्रांतीला लाखो वर्षे लागतात आणि ती कोणी पाहिलेली नाही, असे मला अनेकदा ऐकवले जाते. माणूस घडायला लागली असतील. पण या अळीची एक पिढी साधारण महिनाभराची, आणि आपण फरदड घेऊन, म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवून, तिला आणखी दोन-तीन पिढ्यांची सोय करून देतो.

बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची नॉन-बीटीची पुडी यायची, आठवते? कडेने पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या वीस टक्के, यांतले जे जास्त तेवढ्यावर ती लावा, असे सांगितलेले होते. किती जणांनी लावली? बहुतेक पुड्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फेकल्या गेल्या. त्या ओळींत साध्या अळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग वावरातल्या निगरगट्ट पतंगांशी जुळावेत, हाच तिचा हेतू. निगरगट्टपणाचे जनुक बहुधा अप्रभावी असते. आई आणि बाप दोघांकडून मिळाले तरच ते काम करते, एकाकडूनच आले तर पिल्लू बीटीवर मरते. वाटाण्यावरच्या प्रयोगांतून निघालेले हे मेंडेलचे आनुवंशिकतेचे गणित शेतकऱ्याला कोणी समजावून सांगितले नाही. 'नियम आहे, लावा,' एवढेच सांगितले. बिनकामाचे दिसणारे बी चांगल्या जमिनीत कोण लावेल? अमेरिकेत ॲरिझोनातल्या शेतकऱ्यांनी १९९६ पासून असे पट्टे राखले. तिथली गुलाबी अळी बीटीला बळी पडत राहिली. पुढे वंध्य, म्हणजे पिल्ले न होणारे, पतंग सोडून तिचा पाठलाग केला आणि २०१८ मध्ये देशाच्या कापूसपट्ट्यातून ती संपल्याचे जाहीर झाले. अळी तीच, बीटीही तेच. आता आपल्याकडे नॉन-बीटी बी पाकिटातच मिसळून येते, म्हणजे शेतकऱ्याने काही समजून घेण्याची गरजच ठेवलेली नाही.

मग अमेरिकन बोंडअळी अशी का झाली नाही, असे शेजारच्या वावरातल्या एका पोराने मला विचारले. प्रश्न लाख मोलाचा आहे. ती तूर खाते, हरभरा खाते, टोमॅटोही सोडत नाही, म्हणून तिचे साधे भाऊबंद बिगरबीटी पिकांवर आयतेच जगतात. गुलाबीचे पोट मुख्यतः कापसावर चालते. दोघींना आपण बोंडअळी म्हणतो, पण दोघींची कुळेही वेगळी आहेत.

आणि इथेच वर्गीकरण येते. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती हा क्रम आपली मुले परीक्षेपुरता घोकतात. प्रत्यक्षात ती सजीवांची वंशावळ आहे. कापसातले बीटी पतंगांच्या गणातल्या अळ्या मारते, मावा-तुडतुड्यांना धक्का लावत नाही, कारण तो गणच निराळा. लाल कोळी तर कीटकसुद्धा नाही. त्याला आठ पाय असतात, तो विंचवाच्या वर्गातला. त्याच्यावर अनेक नेहमीची कीटकनाशके वाया जातात, तरी दुकानदार बाटली पुढे करतोच. ठिपक्यांची बोंडअळी पऱ्हाटीवर असते तशी भेंडीवरही. दोन्हींची फुले शेजारी ठेवून पाहावीत, पाकळ्या तशाच आणि मधली पुंकेसरांची नळीही तशीच. भेंडी, अंबाडी, जास्वंद, पऱ्हाटी हे सगळे एकाच कुळातले.

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांतीचा आहे, पुढे प्राण्यांच्या वर्गीकरणाचाही. केंद्राची पाठ्यपुस्तके काढणाऱ्या एनसीईआरटीने २०२३ मध्ये आपल्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळली, तेव्हा देशभरातल्या शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी हरकत घेतली होती. आपल्याकडे धडा शाबूत आहे, पण शिकवला जातो तो जिराफाच्या मानेवर. आमच्या मुलांनी जिराफ कुठे पाहिला? शाळेच्या कुंपणापलीकडे पऱ्हाटी उभी असते. दिवाळीच्या आगेमागे शिक्षकांनी मुलांना तिथे न्यावे, डोमकळी, म्हणजे अळीमुळे न उमललेले फूल, उकलून दाखवावी, बोंड फोडून सरकीतली अळी दाखवावी. संकरित बीटीच्या बोंडात एका जनुकाच्या हिशेबाने चारांतली एक सरकी बीटीविना निघते, हेही तिथेच सांगता येईल. मेंडेलचे तीनास एक शिकवायला वाटाणा शोधत बसायला नको.

आपल्या पानाकडूनही एक अपेक्षा आहे. 'कामगंध सापळे लावा' (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे सापळे) एवढाच सल्ला छापू नये. गुलाबीच्या मादीचा गंध अमेरिकन बोंडअळीच्या नराला ओढत नाही, प्रत्येक जातीची लूर, म्हणजे सापळ्यातली गंधाची गोळी, वेगळी. कोणत्या अळीची लूर घ्यायची ते सल्ल्यात नावानिशी द्यावे, म्हणजे दुकानात जे हातात ठेवतील ते घेऊन यायची वेळ येणार नाही.

आपला,
एक कापूस उत्पादक वाचक
राळेगाव तालुका, जि. यवतमाळ